सिक्लिडची मोठी टाकी: आधी मासा ठरवा, मग फिल्टर

माशांवर पीएचडी करतोय म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, पापलेट ताजं आहे हे कसं ओळखायचं. दुसरा, "घरी मोठी टाकी करतोय, सिक्लिड ठेवायचेत, फिल्टर कोणता घेऊ?" पहिल्याचं उत्तर बाजारात बसणाऱ्या मावशी माझ्यापेक्षा चांगलं देतील. आज दुसऱ्याबद्दल लिहितो.

या प्रश्नाची अडचण अशी की तो उलट्या क्रमाने येतो. आपण आधी टाकी घेतो, मग स्टँड, फिल्टर, लाइट, आणि शेवटी उरलेल्या पैशांत "मिक्स आफ्रिकन" म्हणून वीस-पंचवीस मासे. खरं तर मासा काय खातो, किती घाण करतो, कशावरून भांडतो आणि कसं बघतो, यावरून सामान ठरायला हवं. गेल्या तीसेक वर्षांत सिक्लिडवर आणि टाकीतल्या जिवाणूंवर जे संशोधन झालंय, त्यातलं बरंच थेट आपल्या खरेदीच्या यादीला लागू पडतं. सहा फुटी टाकी म्हणजे पैसे तर आहेतच, पण आठ-दहा वर्षं जगू शकणारे पंचवीस जीवही आहेत. म्हणून जरा हिशोब करून बघू.

सिक्लिड म्हणजे नक्की कोण?

सिक्लिड हे माशांचं एक मोठं कुळ आहे. एंजल, डिस्कस, ऑस्कर हे दक्षिण अमेरिकेतले सिक्लिड. फ्लॉवरहॉर्न हा माणसाने घडवलेला संकर. उजनीच्या धरणात जाळ्यात भरभरून येणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, ही आफ्रिकेतून आलेली सिक्लिडच. आणि गोव्या-कोकणातल्या खाड्यांमधलं कालुंदर, केरळचं करीमीन, हा अस्सल भारतीय सिक्लिड. त्याचे जवळचे नातेवाईक थेट मादागास्करमध्ये सापडतात.

त्यामुळे "सिक्लिडची टाकी" हे "भारतीय जेवण" म्हणण्याइतकंच मोघम आहे. डिस्कसला मऊ, किंचित आम्ल आणि गरम पाणी लागतं. मलावी सरोवरातल्या माशाला अल्कधर्मी पाणी लागतं. दोघांना एका टाकीत ठेवलं तर एकाचे हाल नक्की.

या लेखासाठी एकच उदाहरण धरू: मलावी सरोवरातले म्बुना. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये हे सरोवर आहे, सुमारे ७०० मीटर खोल. त्यात सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. किनाऱ्यालगतच्या खडकांत राहणाऱ्या छोट्या, भडक रंगाच्या गटाला तिथल्या टोंगा भाषेत म्बुना म्हणतात, म्हणजे खडकातला मासा. हे मासे खडकांवरचा शेवाळाचा थर आणि त्यात दडलेले बारीक जीव खरवडून खातात. या दोन गोष्टी लक्षात ठेवा: खडक आणि शेवाळ. पुढचं बरंचसं त्यातूनच निघतं.

टाकी: लिटर नव्हे, तळ मोजा

६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच टाकी म्हणजे २४ घनफूट, सुमारे ६८० लिटर. काठापर्यंत भरायची नाही आणि आत दगड येणार, म्हणून प्रत्यक्ष पाणी ५५० लिटर धरू.

आता ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि ३ फूट उंच टाकी बघा. तीही २४ घनफूटच. पण पहिलीचा तळ १२ चौरस फूट, दुसरीचा फक्त ८. म्बुनाचा नर पाण्यात कुठेही घर करत नाही. तो एक कपार धरतो आणि तिच्या भोवतीची जागा राखतो. त्याच्या दृष्टीने उंच टाकीतलं वरचं पाणी म्हणजे गच्चीवरचं आभाळ, मालकी सांगता येत नाही. त्यामुळे त्याच पैशांत लांब आणि रुंद टाकी घ्या. उंच टाकी दिवाणखान्यात छान दिसते, पण तिच्यात मारामाऱ्या जास्त होतात आणि तळाची सफाई करताना काखेपर्यंत हात भिजतो.

आता वजन. पाणी ५५० किलो. १२ मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला ३० किलो भरते, म्हणजे पाच बाजूंची मिळून सुमारे १२० किलो. दगड १०० किलो, वाळू ५० किलो, स्टँड ६०-७० किलो. बेरीज ९०० किलोच्या आसपास जाते आणि हे सगळं १२ चौरस फुटांवर उभं. म्हणजे दर चौरस मीटरला ८०० किलोच्या वर. राहत्या खोल्यांच्या स्लॅबवर येणारा वापराचा भार आयएस ८७५ या मानकात दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो धरलेला आहे. हा भार सगळ्या खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे टाकी ठेवली की स्लॅब लगेच खाली येईल असं नाही. पण ती खोलीच्या मधोमध ठेवू नका. खाली बीम आहे अशा भिंतीला लागून, लांबी बीमला समांतर किंवा बीमवर आडवी येईल अशी ठेवा. आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर काच कापायला सांगण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा विचारा. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून हे कळत नाही.

दगड कोणते? आपल्याकडचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, उत्तम. पाण्यात जवळजवळ काहीच सोडत नाही आणि फुकट मिळतो. दगडावर लिंबू पिळलं आणि फेस आला तर तो चुनखडीचा. म्बुनासाठी तोही चालतो. एक गोष्ट मात्र पाळा: आधी दगड ठेवायचे, मग वाळू टाकायची. हे मासे उकरतात. वाळूवर रचलेला दहा किलोचा दगड खालची वाळू गेली की कलंडतो आणि समोर काच असते.

भांडण: "दादा" काढला तरी दादागिरी जात नाही

टाकीतल्या एका माशाने सगळ्यांना कोपऱ्यात दाबलं की आपण काय करतो? तो मासा काढून दुकानात परत देतो. दोन दिवस शांतता, आणि मग दुसराच कुणीतरी तसाच वागायला लागतो. याचं उत्तर बुर्टोनी नावाच्या आफ्रिकन सिक्लिडवर झालेल्या कामात मिळतं. हा टांगानिका सरोवर आणि आसपासच्या पाण्यातला, म्बुनाचाच दूरचा भाऊबंद.

स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल फर्नाल्ड यांच्या गटाने या माशावर अनेक वर्षं काम केलं. या माशांत थोडे नर प्रबळ असतात: रंग भडक, स्वतःचा इलाका, विणीचा हक्क. बाकीचे नर फिकट आणि दबलेले. प्रबळ नराला काढून टाकलं की दबलेल्यांपैकी एक जण काही मिनिटांत रंग चढवतो, डोळ्यावरची काळी पट्टी उमटते आणि तो इतरांना हुसकायला लागतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की याच थोड्या वेळात त्याच्या मेंदूतल्या प्रजननाशी संबंधित भागात जनुकांच्या पातळीवर बदल सुरू झालेले असतात. म्हणजे दादा हा एक विशिष्ट मासा नसतो, ती एक जागा असते. ती रिकामी झाली की भरली जाते.

याच गटाचा २००७ चा प्रयोग आणखी मजेशीर आहे. एका नराला काचेपलीकडून इतर नरांच्या झुंजी दाखवल्या: अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, क ने ड ला, ड ने ई ला. मग त्याच्यासमोर ब आणि ड ठेवले. या दोघांची झुंज त्याने कधी पाहिलेली नव्हती. तरी तो ड कडे, म्हणजे दुबळ्याकडे जास्त सरकला. अ मोठा ब पेक्षा, ब मोठा क पेक्षा, असं जोडत जाऊन त्याने क्रम लावला होता. स्वतः न भांडता, नुसतं बघून.

घरच्या टाकीसाठी यातून तीन गोष्टी निघतात. नवा मासा एकेकटा सोडू नका. त्याची पहिली हार सगळी टाकी बघत असते. सोडायचेच तर पाच-सहा एकदम, लाइट बंद करून, आणि त्याच वेळी दगडांची मांडणी बदलून. मांडणी बदलली की जुन्यांच्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळ्यांनाच नव्याने जागा शोधावी लागते. दुसरं, प्रत्येक जातीत नर कमी आणि माद्या जास्त ठेवा, एकाला निदान तीन. तिसरं, नजर तुटेल अशी मांडणी करा. एकच मोठा डोंगर रचण्यापेक्षा तीन-चार वेगळे ढीग, मध्ये मोकळी वाळू. नर दुसऱ्याला बघूच शकला नाही तर हुसकायला जाणार कसा?

"टाकी थोडी मोठी केली तर भागेल का?" रोनाल्ड ओल्डफील्ड यांनी मिडास या मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडवर केलेला अभ्यास २०११ मध्ये आला. त्यात खरा फरक पडला तो मोठ्या आणि लपायला भरपूर जागा असलेल्या टाकीत. लहान टाक्यांच्या आकारात थोडंफार इकडंतिकडं केल्याने फारसं काही साधलं नाही. म्हणून तीन फुटीवरून साडेतीन फुटीवर जाण्यात अर्थ नाही. सहा फुटी घ्यायची नसेल तर म्बुनाऐवजी दुसरा मासा निवडलेला बरा.

फिल्टर: कचऱ्याची गाळणी की जिवाणूंचं घर?

आता मूळ प्रश्न. फिल्टरचं मुख्य काम पाणी स्वच्छ "दिसणं" हे नाही. मासा खातो ती प्रथिनं, त्यातला नायट्रोजन कल्ल्यांमधून अमोनिया होऊन पाण्यात येतो. पाण्यात अमोनियाची दोन रूपं असतात: अमोनियम, जो त्यामानाने निरुपद्रवी, आणि मोकळा अमोनिया, जो विष. यांचं प्रमाण पीएचवर ठरतं. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्का मोकळा असतो. पीएच ८ ला ५ टक्के. साडेआठला १५ टक्के. पीएच ९ ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त.

म्बुनाला पीएच ८ च्या पुढचं पाणी आवडतं. म्हणजे डिस्कसच्या टाकीत जी चूक खपून जाते, तीच म्बुनाच्या टाकीत जीव घेते.

आकडे मांडून बघू. पंचवीस वाढलेल्या माशांना दिवसाला १० ग्रॅम खाणं घातलं, त्यात ४० टक्के प्रथिनं. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ०.६४ ग्रॅम. त्यातला ०.४ ग्रॅम अमोनिया म्हणून पाण्यात आला असं धरू. ५५० लिटरला भागलं की दिवसाला लिटरमागे सुमारे ०.७ मिलिग्रॅम. पीएच ८.३ आणि २७ अंशाला यातला ११-१२ टक्के मोकळा, म्हणजे ०.०८ मिलिग्रॅम. माशांच्या कल्ल्यांना त्रास व्हायला याहून कमी पुरतो. फिल्टरशिवाय ही वेळ एका दिवसात येते.

हा अमोनिया संपवणारे सूक्ष्मजीव फिल्टरमध्ये राहतात. पुस्तकात आपण शिकलो ते असं: नायट्रोसोमोनास अमोनियाचं नायट्राइट करतो, नायट्रोबॅक्टर नायट्राइटचं नायट्रेट. पण हे चित्र बदललंय. १९९० च्या दशकात होवानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांचे फिल्टर तपासले तेव्हा नायट्रोबॅक्टर जवळजवळ सापडलाच नाही. ते काम नायट्रोस्पायरा करत होता. २००५ मध्ये अमोनिया खाणारा एक आर्किया वर्गातला जीव पहिल्यांदा वेगळा काढला गेला, तोही सिएटलच्या मत्स्यालयातल्या टाकीतून. २०११ मध्ये कॅनडातल्या एका गटाने दाखवलं की गोड्या पाण्याच्या घरगुती फिल्टरमध्येही बहुतेक वेळा असे आर्कियाच जास्त असतात. आणि २०१५ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी सांगितलं की काही नायट्रोस्पायरा अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच करतात. त्यातल्या एका गटाचा नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधला होता.

याचा आपल्या खिशाशी संबंध असा: बाटलीतले "रेडीमेड बॅक्टेरिया" आणि तुमच्या फिल्टरमध्ये शेवटी वस्तीला येणारे जीव एकच असतील याची खात्री नाही. ओळखीच्या कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. घरात दही लावायला विरजण शेजारून आणतो, तसंच.

या जीवांना हवं काय? चिकटून बसायला पृष्ठभाग, सतत वाहतं पाणी आणि भरपूर ऑक्सिजन. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला त्यांना साडेचार मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो. म्हणून सहा फुटी टाकीला माझं मत सम्प फिल्टरला, म्हणजे टाकीखाली दुसरी उघडी टाकी, पाणी वरून ओसंडून तिच्यात येतं आणि पंपाने परत वर जातं. पाणी उघड्यावर पडतं, हवा मिळते, माध्यम भरपूर मावतं, हीटर आत लपतो. कॅनिस्टर शांत आणि सुटसुटीत असतो, पण बंद डबा आहे. वीज गेली की आतला ऑक्सिजन संपत जातो. वीज बराच वेळ गेली असेल तर आतलं पाणी ओतून टाकूनच तो परत सुरू करावा.

पंप घेताना तासाला टाकीतलं पाणी चार-पाच वेळा फिरेल असा घ्या, म्हणजे अडीच हजार लिटरच्या आसपास. खोक्यावरचा आकडा मात्र शून्य उंचीचा असतो. तुम्हाला पाणी चार-साडेचार फूट वर चढवायचंय, त्या उंचीला पंप किती देतो ते विचारा. आणि वीज गेल्यावर वरचं पाणी खाली उतरेल तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी ठेवा. या टाकीत पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की सुमारे ११ लिटर खाली येतात. तीन सेंटिमीटर उतरली तर दीड बादली, आणि जागा नसेल तर ती जमिनीवर.

पाणी: नळाचं मऊ, माशाला हवं कणखर

जिवाणू काम करताना आम्ल तयार करतात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपताना ७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. अल्कलिनिटी म्हणजे पीएच धरून ठेवायची पाण्याची ताकद, टेस्ट किटवर हिला केएच म्हणतात. वरच्या हिशोबात आपल्या टाकीत दिवसाला लिटरमागे ५ मिलिग्रॅम खर्च होणार. मुंबई-पुण्याला सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी येतं, ते मऊ. समजा त्यात ५० मिलिग्रॅम अल्कलिनिटी आहे. दहा दिवसांत शिल्लक शून्य. मग पीएच एकदम कोसळतो आणि जिवाणूंचं कामही थंडावतं. "महिनाभर सगळं छान होतं, अचानक मासे गेले" या तक्रारीमागे कित्येकदा हेच असतं.

उपाय स्वस्त आहे. फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा घाला, कोंबड्यांच्या खाद्यासाठी मिळतो तो, धुऊन. शिवाय खाण्याचा सोडा: १० ग्रॅम सोडा ५५० लिटरमध्ये अल्कलिनिटी सुमारे ११ मिलिग्रॅमने वाढवतो. म्हणजे आठवड्याला ३०-३५ ग्रॅममध्ये खर्च भरून निघतो. पाणी बदलताना बादलीत विरघळवून घाला, कोरडा टाकू नका. चुऱ्यासाठी प्रवाळ मात्र घेऊ नका. आपल्याकडे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. बोअरचं पाणी असेल तर ते बहुधा आधीच जड असतं. आधी किटने तपासा, मग सोड्याचं बघा.

शेवटी उरतं नायट्रेट, ते पाणी बदलूनच जातं. आपल्या हिशोबात आठवड्याला लिटरमागे २२-२३ मिलिग्रॅम नायट्रेट साठतं. दर आठवड्याला निम्मं पाणी बदललं तर पातळी ४५ च्या वर जात नाही. पाव हिस्साच बदललं तर ती ९० पर्यंत चढून तिथेच राहते. निम्मं म्हणजे २७५ लिटर, वीस लिटरच्या चौदा बादल्या, दर आठवड्याला. उन्हाळ्यात तुमच्या सोसायटीत टँकर येत असेल तर टाकी घेण्याआधी या आकड्याकडे नीट बघा. मासे कमी ठेवले, खाणं कमी घातलं, तर तो त्याच प्रमाणात खाली येतो. काढलेलं पाणी झाडांना घाला, त्यांना नायट्रेट हवंच असतं. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरिन घालायला विसरू नका. क्लोरिन पाण्यातले जंतू मारायला असतो, फिल्टरमधले जिवाणू "आपले" आहेत हे त्याला कळत नाही. त्याच कारणाने फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

उन्हाळा आणि वीज

२५ अंशाच्या पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशाला ७.३. आणि गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हा खरा धोका आहे. महागडा चिलर घेण्याआधी साधा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर लावून बघा. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की ते ५५० लिटर पाण्याला जवळपास एक अंश थंड करण्याइतकी उष्णता घेऊन जातं. माठाचं तत्त्व तेच. दमट कोकणात याचा परिणाम कमी होतो. वाफ झालेल्या पाण्याच्या जागी मऊ पाणी घाला, कारण क्षार मागेच राहिलेले असतात.

हीटर कोकणात बहुधा लागत नाही. पुणे-नाशिकच्या थंडीत लागतो. ६०० वॉटचा एक घेण्यापेक्षा ३०० चे दोन घ्या. एखाद्याचा थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला तरी मासे उकडणार नाहीत.

वीज गेल्यावर टाकीला पहिली गरज ऑक्सिजनची. बॅटरीवर चालणारा एअर पंप ही सगळ्या यादीतली स्वस्त वस्तू, आणि दुकानात सगळ्यांत कमी वेळा सुचवली जाणारी. घरी इन्व्हर्टर असेल तर सम्पचा पंप त्यावर जोडा.

लाइट: मादीला रंग दिसू द्या

व्हिक्टोरिया सरोवरात काम करणाऱ्या ओले झेहाउझेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक गोष्ट दाखवली. शेतीच्या आणि वस्तीच्या सांडपाण्याने सरोवर गढूळ होत गेलं. जिथे पाणी गढूळ, तिथे नरांचे रंग फिके आणि जातींची संख्या कमी. कारण जवळच्या जातींतल्या माद्या आपल्या जातीचा नर रंगावरून निवडतात. प्रयोगशाळेत पांढऱ्या उजेडात मादी लाल आणि निळ्या नरांत नीट फरक करत होती. एकाच रंगाच्या उजेडात, जिथे लाल-निळं वेगळं कळेनासं होतं, तिथे तिची निवडही संपली.

आपल्या टाकीत हेच दोन मार्गांनी होतं. एक, दिवसभर निळा किंवा जांभळा एलईडी. पांढरा, सगळे रंग दाखवणारा लाइट रोज आठ-नऊ तास पुरे, आणि त्याने दगडांवर थोडं शेवाळ आलं तर खरवडू नका, ते माशांचं खाणं आहे. दोन, एकमेकांना फार जवळच्या जाती एकत्र ठेवणं. रेड झेब्रा आणि यलो लॅब यांचा संकर छंदिष्टांच्या ओळखीचा आहे. पीकॉकच्या माद्या तर बहुतेक सगळ्या सारख्याच करड्या दिसतात. सहा महिन्यांनी जी पिल्लं येतात ती कोणत्या जातीची, हे मग कुणीच सांगू शकत नाही.

मग मासे कोणते?

एवढं सगळं धरून सहा फुटी टाकीला माझी यादी: यलो लॅब ८, रस्टी ८, आणि एसाय ८. तिघेही म्बुनांत त्यामानाने शांत. रंग वेगळे, त्यामुळे संकराचा आणि "हा माझ्यासारखा दिसतो, हाकला" या भांडणाचा धोका कमी. एसाय निसर्गात बुडालेल्या ओंडक्यांवरचं शेवाळ खातात आणि मोकळ्या पाण्यात फिरतात, त्यामुळे टाकीचा वरचा भागही वापरात येतो. ऑरॅटस आणि केनी हे लहानपणी फार सुंदर दिसतात, पण मोठे झाल्यावर टाकीची रणभूमी करतात. ते टाळा.

खाणं स्पिरुलिना असलेल्या बारीक गोळ्या, दोन मिनिटांत संपतील एवढ्याच. ट्युबिफेक्स आणि मांसाचे तुकडे रोज देऊ नका. शेवाळ पचवायला बनलेलं लांब आतडं आहे ते.

आणि क्रम असा ठेवा. टाकी, दगड, पाणी, सम्प सुरू. मग मासे न टाकता लॅब ग्रेडचं अमोनियम क्लोराइड, म्हणजे शुद्ध नवसागर, सुमारे ४ ग्रॅम घाला. त्याने लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन होतो, आपल्या रोजच्या गरजेच्या दुपटीहून जास्त. किटने रोज तपासा. विरजणाचा स्पंज नसेल तर चार ते सहा आठवडे लागू शकतात. एवढा अमोनिया चोवीस तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य आला की निम्मं पाणी बदला आणि सगळे चोवीस छोटे मासे एकदम सोडा.

म्बुना मादी अंडी आणि पिल्लं साधारण तीन आठवडे तोंडात सांभाळते, त्यामुळे टाकी नीट चालली तर पिल्लं येणारच. ती कोण नेणार हे आधी ठरवा. दुकानदार घेणार असेल तर त्याच्याशी आत्ताच बोलून ठेवा. काहीही झालं तरी नदीत, विहिरीत किंवा सोसायटीच्या तळ्यात सोडायची नाहीत. चिलापी भारतात १९५२ मध्ये चांगल्या हेतूनेच आणली होती. आज ती किती नद्या-धरणांत आहे, ते कोणत्याही कोळ्याला विचारा.